लतीफभाईंचा ऊद आणि माझी मिशी

भिवंडीला हवापालटासाठी कोणी जात नाही. मी गेलो होतो, आणि तेही वाईहून, जिथं हवापालटासाठी मुंबईची माणसं येतात. हे वाचून कोणाला तसाच प्रवास करावासा वाटलाच, तर आधीच सांगून ठेवतो की यातले रस्ते आता रुंद झालेत, तिकिटं महागलीत आणि शेतांच्या जागी गोदामं उभी राहिलीत. म्हणजे व्यावहारिक माहिती म्हणून या मजकुराचा उपयोग शून्य. तरीही ती देणार आहे, कारण बातमीदाराची खोड जात नाही.

गोष्ट ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची, जानेवारीतली. मी बेचाळीस वर्षांचा, एका साप्ताहिकाचा बातमीदार. लहानपणी पाठशाळेत सात वर्षं संस्कृत घोकलेलं. त्याचा पुढे झालेला एकमेव फायदा म्हणजे नगरपालिकेच्या सभेत पाठीचा कणा ताठ ठेवून झोपता येत असे. आणि त्या काळी मला मिशी होती. साधीसुधी नव्हे. वरचा ओठ पूर्ण झाकून ती खालच्या ओठाच्या हद्दीत अतिक्रमण करून बसलेली होती. तिचा पुढे संबंध आहे, म्हणून नोंद करून ठेवा.

एके दिवशी लतीफभाईंचं निळं आंतरदेशीय पत्र आलं. लतीफभाई म्हणजे माझे भिवंडीचे स्नेही, वयाने माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, बारा लूमचे मालक. घराणं कोकणी मुसलमानांचं, भिवंडीत कित्येक पिढ्या मुरलेलं. पूर्वी एकदा मी यंत्रमागांवर लेख लिहायला गेलो असताना लॉजमधल्या ढेकणांनी माझी मुलाखत घेतली. दुसऱ्या दिवशी माझी मान बघून लतीफभाईंनी माझी पिशवी उचलली ती थेट स्वतःच्या घरी. तेव्हापासून मी तिकडे गेलो की मुक्काम तिथेच.

तरुणपणी लतीफभाई सात वर्षं बहारीनला बंदरावर नोकरी करून आले होते. येताना लोकांनी घड्याळं आणली, यांनी ऊद आणला. जाळायचा ऊद नव्हे. ऊद नावाचं अरबी वाद्य. उभी चिरलेली मोठी पपई घ्या, तिच्या सपाट अंगाला पातळ फळी लावा, वर आखूड मान बसवा आणि ती मान शेवटी एकदम मागे मोडा, की झाला ऊद. तारांच्या पाच जोड्या आणि खर्जाची एकटी सहावी. सतारीला असतात तसे पडदे नाहीत. एका लांब पातळ पट्टीने छेडायचा. तिथल्या एका म्हाताऱ्या नाखव्याने त्यांना तो शिकवला होता. शुक्रवारी लूम बंद असले की लतीफभाई तास-दीड तास वाजवत आणि घरातली माणसं आपापली कामं करत ऐकत.

पत्रात लिहिलं होतं: "शास्त्री, उदातून खरखर येते. ती उदात आहे का माझ्या कानात, ते मला समजत नाही. उदात असली तर दुरुस्त करू. कानात असली तर ऊद बांधून माळ्यावर ठेवून देतो, आपल्याच खरखरीला किती वाजवायचं. भिवंडीत विचारायची सोय नाही, सगळे ओळखीचे. तू तंबोऱ्याची जवारी काढतोस. सामान घेऊन ये. तुझ्या भाभीला यातलं काही बोलू नको."

जवारी काढणं म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवर, तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या पाटावर, कानस फिरवून आणि तारेखाली सूत सरकवून तिचा आवाज गुंजता करणं. मी ते हौसेने करत असे. वाईतले चार तंबोरे माझ्या हातून सुधारले होते आणि दोन मेले होते; लतीफभाईंना मी फक्त चारच सांगितले होते. कानस, सुताचं रीळ आणि दोन धोतरं पिशवीत घालून मी निघालो.

बुधवार

वाईहून सकाळची मुंबई गाडी पकडली आणि दुपारी ठाण्याला उतरलो. स्टँडसमोर एका उडपी हॉटेलात राइस प्लेट खाल्ली. सांबार बरं होतं, ताक मागितल्यावर आणून देणाऱ्याचा चेहरा आंबट होता. भिवंडीची एसटी अर्ध्या अर्ध्या तासाने सुटायची. तिकीट इतकं किरकोळ की कंडक्टर ते फाडण्यापूर्वी सुट्ट्या पैशांवर लांबलचक प्रवचन देई.

कशेळीच्या पुलावर गाडी थांबली. तिथे ती थांबतेच. पुढे ट्रक, मागे ट्रक, ट्रकांवर सुताची खोकी आणि कोऱ्या कापडाचे तागे, खाली खाडी. ओहोटी लागलेली, चिखलात बगळे उभे. कंडक्टर एका मासळीवाल्या मावशींना म्हणाला, "मावशी, टोपली वाटेतून काढा, लोकांना पाय ठेवायला जागा नाही."

"मंग त्यांना सांग पाय घरी ठेवून यायला. म्हावरा काय घरी ठेवू?"

मग मावशींची नजर माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या कानशीकडे गेली.

"सुतार हाव काय?"

"नाही. बातमीदार."

"मंग कानस कनाला?"

एका वाद्याच्या घोडीसाठी, असं मी सांगितलं. मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि टोपली दोन वीत पलीकडे सरकवली. तेवढीच पायांना जागा झाली.

पुलापलीकडच्या पूर्णे गावाला तेव्हा गोदामं अशी फार नव्हती. भात निघून गेलेलं, खाचरांमधून वालाच्या वेली पसरलेल्या, आणि मध्येच एखादी नवी, पत्र्याची, शेतात वाट चुकल्यासारखी उभी असलेली शेड. तिथून पुढे खिडकीतून नुसतं बघून चालत नाही. भिवंडी आधी ऐकू येते आणि मग दिसते. खटक-खटक, खटक-खटक, एका घरातून, मग गल्लीतून, मग सगळ्या गावातून. पहिला तासभर डोकं दुखतं, नंतर आपणच त्या ठेक्यात चालायला लागतो.

शेडच्या दारात उभा राहून मी ओरडलो, "लतीफभाई!" ते पाठमोरे, एका लूमपाशी वाकलेले. काही नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा वळले आणि चेहरा फुलला.

"उशीर झाला," मी ओरडून सांगितलं. "कशेळीला गाडी अडकली होती!"

"हाव हाव," ते म्हणाले. "बरी हाय तुझी भाभी."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा मान डोलावली. तेवढ्यात पार पलीकडे, चार लूम सोडून उभ्या असलेल्या हनीफमियांनी नुसते ओठ हलवले. आवाज नावालाही नाही, निदान मला तरी आला नाही. लतीफभाईंनी तिकडे बघितलं आणि म्हणाले, "पाच नंबरचा धोटा बदल, आन् चहा सांग. दोन. शास्त्रीला बिनदुधाचा न्हाय, दुधाचा."

मी बघतच राहिलो. मग उलगडा झाला. लूमच्या खटखटाटात आयुष्य काढलेली ही माणसं कानांनी ऐकतच नाहीत, एकमेकांचे ओठ वाचतात. शेडमध्ये सगळेच बहिरे आणि कोणाचं काही ऐकायचं राहत नाही. त्यातला एक जण खरोखरच बहिरा होत चालला, तर कोणाला कळणार? कळलं असतं ते फक्त ज्याचे ओठ दिसत नाहीत अशा माणसाला.

लतीफभाईंनी मला बाहेर रस्त्यावर आणलं आणि माझ्या मिशीकडे बोट दाखवलं.

"ह्या पडद्यामागं काय खेळ चाललाय, ते मना दिसत न्हाय. खरा सांगू का शास्त्री? दोन वर्सं झाली. शेडमदी चालून जातं. घरात चालून जातं. शुक्रवारी पन माझ्या कानात लूम चालू असतो, बंदच करत न्हाय कोनी. आता उदात पन खरखर. तूच सांग, कोन बिघडला? तो का मी?"

मी मिशी दोन बोटांनी वर उचलून धरली आणि म्हणालो, "उद्या सांगतो."

गुरुवार

लतीफभाईंचं घर शेडच्या वरच्या मजल्यावर. तिथे बशीतल्या चहावर सतत बारीक लाटा उठत असतात. सकिनाभाभींनी माझ्यासाठी ठेवलेला स्वतंत्र टोप आणि स्वतंत्र तवा फडताळात सगळ्यात वर असतो, आणि मी नसताना त्याला कोणी हात लावलेला नाही हे त्या दर वेळी शपथेवर सांगतात. त्या तव्यावर तांदळाच्या भाकऱ्या आणि त्या टोपात वालाचं बिरडं झालं. बिरडं असं, की माझ्या आजोबांनी चाखलं असतं तर जेवण झाल्यावर प्रायश्चित्त घेतलं असतं, पण जेवण झाल्यावरच.

मग लतीफभाईंनी ऊद काढला, भाभींकडे पाठ करून माझ्या हातात दिला आणि समोर बसले. मी एकेक तार छेडली.

सगळ्या तारांवर खरखर. खर्जाची तार तर एखाद्या म्हाताऱ्या बोक्यासारखी गुरगुरत होती. ऊद आडवा धरून डोळ्यासमोर आणला, तर तारा मानेवरच्या लाकडाला जवळजवळ चिकटलेल्या. छेडली की हेलकावा घेताना तार लाकडावर आपटणार, नाहीतर जाणार कुठे.

मी मिशी वर धरली. "खरखर आहे."

"खरी?"

"माझ्या तंबोऱ्याने हेवा करावा अशी. उदातच आहे."

लतीफभाईंनी दोन्ही हात मांडीवर आपटले आणि स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "सकिना! काय तरी गोड कर! ऊद बिघडलाय!"

भाभी दारात, त्यांच्या समोर येऊन म्हणाल्या, "बिघडल्यावर गोड? आन् सुधारल्यावर काय करू, कारल्याची भाजी?"

पण सांदण झालं. तांदळाच्या रव्याचं, नारळाच्या रसातलं, वाफेवर फुगलेलं. ते खाऊन मी दुरुस्तीला बसलो, आणि इथून पुढे पाठशाळेच्या शिक्षणाचा तोटा सुरू होतो. आम्हाला शिकवलं होतं की आधी प्रत्यक्ष बघावं, मग अनुमान करावं. मी धुरावरून अग्नी ओळखायला शिकलो, पण चुलीकडे बघायला नाही. माझं अनुमान असं: आवाजाचा दोष म्हणजे जवारीचा दोष. म्हणून तंबोऱ्याला सरकवतात तसं एकेका तारेखाली सूत सरकवलं. खरखर गेली नाही, उलट तिला सूर लागला.

"हा तर तंबोरा झाला," लतीफभाई म्हणाले. आता बोट तारेवर ठेवून त्यांना ती थरथर कळत होती. "मना ऊद पायजे."

तेवढ्यात खाली एक लूम थांबला. मला काही कळलं नाही, पण त्यांच्या तळपायांना कळलं; ते उठून खाली गेले. मी दुसरं अनुमान केलं: घोडी घासायला हवी. कानस काढली आणि उदाच्या घोडीवर टेकवली.

"भाऊजी!"

सकिनाभाभी दारात, हातात धूळ पुसायचं फडकं.

"तिला कानस लावायची न्हाय. ती नुसती चिकटवलेली हाय फळीवर. उखडली तं सगळ्या तारा तिला घेऊन उडतील. बहारीनहून आला तवा ह्यांनी पहिली गोष्ट मना तीच सांगितली, आन् तुमी कानस घेऊन बसलाव!"

मी कानस पिशवीत घातली. दोन मेलेल्या तंबोऱ्यांना तिसरा सोबती मिळता मिळता राहिला.

भाभी खाली बसल्या. "मी बत्तीस वर्सं हा ऊद पुसते. दर शुक्रवारी, ते वाजवायच्या आदी. हे फडकं घोडीच्या तोंडाशी तारांच्या खालून घालायचं आन् वडायचं, की सरळ भायेर यायचं." त्यांनी फडक्याचं टोक तारांखाली घातलं आणि ओढलं. ते अडकलं. "बघा. गेल्या पावसाळ्यापासून अडकतंय. मी म्हनलं, मीच फडकं जाड घेतलं का काय."

"गेल्या पावसाळ्यात काय झालं होतं?"

"जुन्या तारा तुटल्या ना. भाच्यानी बहारीनहून नव्या पाठवल्या, आन् हनीफमियांनी बांधून दिल्या."

सात वर्षांच्या शिक्षणाने जे दिसलं नाही ते एका फडक्याला दिसलं होतं. मी ऊद खिडकीपाशी नेला आणि घोडीजवळच्या गाठी पाहिल्या. उदाची तार घोडीच्या भोकातून मागे जाते, वरून पुढे येते आणि स्वतःच्याच खालून एक वेढा घेते. तार त्या वेढ्याच्या उशीवर डोकं टेकून पुढे निघते. इथे उशीच नव्हती. प्रत्येक वेढा इतका आवळलेला, इतका चपटा, की लाकडात रुतून दिसेनासा झालेला. अकराच्या अकरा तारा एकसारख्या. असं सुबक काम मी फार कमी पाहिलंय.

भाभी उठल्या, जिन्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आनखी एक सांगते. त्यांना सांगू नका. ऐकू कमी येतंय त्यांना."

मी पुन्हा गाठींकडे बघायला लागलो.

"तुमाला वाटतं मना ठाऊक न्हाय? तीन वर्सं मी पाठीमागून हाक मारलेली न्हाय. समोर जाते, मंग बोलते. त्यांना वाटतं लपलंय, तं लपू दे."

लतीफभाईंच्या हिशेबाने दोन वर्षं झाली होती, भाभींच्या हिशेबाने तीन.

शुक्रवार

शुक्रवारची भिवंडी बघायची असेल तर खास त्यासाठी मुक्काम करावा. बघायची म्हणजे ऐकायची. सकाळी जाग आली ती शांततेनेच. भिंतीवरचं घड्याळ, शेजारच्या गल्लीतला खोकला, कावळा, कोणाच्या तरी चुलीवर तडतडणारी फोडणी. सगळं गाव अचानक खरं वाटायला लागतं. चहावर लाटा नव्हत्या. लतीफभाई मात्र कपाळाला आठी घालून बसले होते.

"तुमचा चालूच आहे का?" मी मिशी धरून विचारलं.

"दोन्ही शिफ्ट," ते म्हणाले.

दुपारी जुम्म्याची नमाज झाल्यावर हनीफमिया आले. पांढरा झब्बा, कानात अत्तराचा फाया. उत्तर प्रदेशातल्या मऊ गावाकडचे, तीस वर्षं त्यांचं एकच काम, लूमवर तुटलेले धागे जोडणं. दोन टोकं चिमटीत धरत आणि सोडत, मधे काय केलं ते दिसत नसे, पण गाठ पडलेली असे. तीही अशी की बोट फिरवलं तर लागणार नाही. या माणसाला तुमचीच गाठ चुकली हे सांगायचं काम लतीफभाईंनी माझ्यावर ढकललं. "तू पाहुना हायस. तुज्यावर रागावनार न्हाय."

मी शक्य तितकं गोड करून सांगितलं. हनीफमियांनी ऊद हातात घेतला, डोळ्यांजवळ आणला, प्रत्येक गाठीवरून नख फिरवलं.

"इसमें क्या खराबी है, साहब?"

"खराबी नाही हो. फारच चांगली झालीय."

"गाँठ मोटी होगी तो फणी में अटकेगी," ते मला, एखाद्या नवशिक्याला सांगावं तसं, शांतपणे म्हणाले. "धागा टूटेगा. कपड़े में दाग दिखेगा."

फणी म्हणजे लूममधला कंगवा. ताण्याचा प्रत्येक धागा त्याच्या दातांमधून जातो.

"बरोबर आहे. पण यात फणी कुठे आहे?"

हनीफमियांनी ऊद उलटा केला. सुलटा केला. वरून आत वाकून पाहिलं. मग खुंट्यांपर्यंत एकेक तार नजरेने तपासली.

"बात तो सही है," शेवटी म्हणाले. "फणी तो है ही नहीं."

लतीफभाई त्यांच्या ओठांकडे बघत होते. एवढे हसले की डोळ्यांना पाणी आलं. मग हनीफमियाही हसले, पण जरा जपून.

त्यांनी खर्जाची तार सैल केली आणि वेढा जाडसर बांधायला घेतला. बांधला, चपटा झाला. सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा चपटा. तिसऱ्यांदा डोळे मिटून बांधला, तो पहिल्या दोन्हींपेक्षा सुबक आला.

"हाथ मानता ही नहीं," ते खजील होऊन म्हणाले.

मग मी पुढे सरसावलो. मला आयुष्यात एकच गाठ नीट येते, ती जानव्याची ब्रह्मगाठ. नायलॉनच्या तारेने तिला अजिबात मान दिला नाही. खुंटी पिळताच तार सटकन सुटून माझ्या अंगठ्यावर बसली. भाभींनी हळद आणली.

उपाय शेवटी हनीफमियांनीच काढला. "सेठ, लूम में कोई चीज़ नीची बैठ जाए तो हम क्या करते हैं? पैकिंग लगाते हैं. गाँठ वही रहने दो. उसके ऊपर पैकिंग लगाओ."

माळ्यावर लतीफभाईंच्या वडिलांच्या हातमागाची जुनी फणी होती. आजच्यासारखी पोलादी दातांची नव्हे, बोरूच्या काड्यांची. तिच्यातली एक काडी निघालेलीच होती. हनीफमियांनी सगळ्या तारा सैल केल्या आणि घोडीच्या तोंडाशी, वेढ्यांच्या वर आणि तारांच्या खाली, ती काडी आडवी सरकवली. तारा पुन्हा ताणल्या. आता त्या इतक्या उंच झाल्या की लतीफभाईंना दाबताना बोटं दुखायला लागली.

"खालून उंट जाईल," ते म्हणाले.

काडी काढली, काचेच्या तुकड्याने तासली, पुन्हा घातली. खर्जाकडे थोडी गुरगुर राहिली. पुन्हा काढली, दुसरी काडी घेतली, ती फक्त बारीक तारांच्या बाजूला तासली आणि खर्जाकडे जाड ठेवली. तिसऱ्या खेपेला भाभी फडकं घेऊन आल्या, तारांच्या खालून घातलं आणि ओढलं. सरळ बाहेर आलं.

"झाला," त्या म्हणाल्या. आमच्यापैकी कोणी अजून तार छेडलीही नव्हती.

मी छेडली. खर्जाची तार खोल, गोल, स्वच्छ बोलली आणि हळूहळू खोलीभर विरत गेली. खरखर कुठेच नव्हती. मी मिशी वर धरली, पण लतीफभाईंनी हात करून थांबवलं.

"तू सांगू नको. असा करू. मी भिंतीकडे तोंड करतो. तू एकेक तार वाजव, मी सांगतो आली का न्हाय."

हनीफमिया भाभींकडे बघायला लागले. भाभी जमिनीकडे. लपवालपवी त्या खोलीत तिथेच संपली.

लतीफभाई भिंतीकडे वळून बसले. मी खर्ज छेडला.

"आला. साफ आला. खरखर न्हाय."

मग पहिली जोडी. "आली." दुसरी. "आली." तिसरीला थोडा वेळ लागला. "आली. लांब हाय, पन आली." चौथीला त्यांनी मान किंचित कलती केली. "हाव. हाय वाटतं."

पाचवी, सगळ्यात बारीक जोडी मी छेडली. ती चांदीसारखी वाजली, बाहेर गल्लीत गेली. लतीफभाई तसेच बसून राहिले. मी पुन्हा छेडली. गल्लीतून जाणारा एक माणूस खिडकीकडे वर बघून पुढे गेला.

"वाजव ना शास्त्री," भिंतीकडे तोंड करूनच ते म्हणाले.

मी तारांवरचा हात उचलला. बोललो असतो तरी पोचलं नसतं. भाभी उठल्या, त्यांच्यासमोर भिंतीला लागून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वाजवली. दोनदा."

लतीफभाईंनी त्यांच्या ओठांकडे बराच वेळ पाहिलं.

"तुला कवापासून ठाऊक?"

"तुमच्या आदीपासून."

ते वळले. ऊद घेतला, मांडीवर ठेवला. "म्हंजे तो पन बिघडला होता, आन् मी पन," मला म्हणाले. "एक तरी सुधारला." मग त्यांनी हनुवटी उदाच्या काठावर टेकवली, जसा लूम नीट चालतोय का ते बघायला दुरुस्तीवाला जॉबर त्यावर हात ठेवतो, आणि ती बारीक जोडी स्वतः छेडली. डोळे मिटले. पुन्हा छेडली.

"हाय," ते म्हणाले. "आत हाय."

मग त्यांनी तसंच, उदावर हनुवटी ठेवून, नाखव्याने शिकवलेलं काहीतरी वाजवलं. अधूनमधून चुकलं असावं, मला त्यातलं कळत नाही. हनीफमिया मांडीवर ठेका धरून बसले. भाभी फडकं घडी घालत ऐकत होत्या आणि ते घडी घालणं वाजवणं संपेपर्यंत संपलं नाही.

परत

शनिवारी सकाळी लतीफभाई स्टँडवर पोचवायला आले. भाभींनी डब्यात सांदण आणि पिशवीत वाल दिले होते. गाडी सुटताना मी खिडकीतून बरंच काही बोललो. ते मान डोलावत राहिले आणि शेवटी ओरडले, "भाभीला सांगतो!" मी भाभींबद्दल एक अक्षरही बोललो नव्हतो. ते मला कशेळीच्या पुलापर्यंत बोचत राहिलं, आणि गाडी तिथे नेहमीप्रमाणे अडकल्यामुळे चांगलं तासभर बोचलं.

वाईला पोचलो आणि रविवारी सकाळी न्हाव्याकडे जाऊन मिशी काढून टाकली. आमच्याकडे मिशी गेली म्हणजे घरात कोणीतरी गेलं असा अर्थ होतो. दुपारपर्यंत तीन शेजारी चेहरे पाडून येऊन बसले. सौभाग्यवती तर दारातच किंचाळल्या, "कोण गेलं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "भिवंडीला एकाला माझं बोलणं दिसत नव्हतं."

मग सगळी हकीकत सांगितली. ती ऐकत ऐकत त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही बोलताना वरचा ओठ एका बाजूला उचलता. मला माहीतच नव्हतं."

कानस तेव्हापासून पिशवीतच आहे. तंबोऱ्याला हात लावण्यापूर्वी मी आता त्याच्याखालून एक फडकं घालून बघतो. काही निष्पन्न होत नाही, पण घाई कमी होते.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा भिवंडीला गेलो. शेडच्या दारात उभा राहिलो, लतीफभाई पार पलीकडच्या लूमपाशी, तोंड माझ्याकडे. मी आवाज काढलाच नाही, नुसते ओठ हलवले: "ऊद कसा आहे?"

बारा लूमच्या खटखटाटातून त्यांनी मला एकदा पाहिलं, मग माझ्या उघड्या ओठांकडे पाहिलं, आणि त्यांनीही आवाज न काढता उत्तर दिलं. माझी वाचायची सवय नवी, पण तेवढं मला वाचता आलं.

"बरा हाय. ये, चहा पिऊ. दुधाचा."

मिशी मी पुन्हा ठेवली नाही.